पहिल्या पोत्याला हात

दयाराम हिवराळेला हॅम्बुर्ग कुठे आहे ते ठाऊक होतं, रॉटरडॅम कुठे आहे ते ठाऊक होतं, आणि सुएझचा कालवा किती मैलांचा हे तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा. बाकी पाणी म्हणाल तर त्याने नळगंगेपलीकडे काही पाहिलेलं नव्हतं, आणि ती वर्षातले आठ महिने गुडघ्याएवढी. पण कॉलेजाला त्याचं काय! महाराष्ट्र राज्य होऊन सहा वर्षं झाली होती, जिकडे तिकडे नवंनवं निघत होतं, तसा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला ‘परदेशी व्यापार आणि वाहतूक’ असा विषय निघाला. नव्याची हौस म्हणून प्राचार्यांनी त्याला सहा आठवड्यांचं प्रात्यक्षिकही जोडलं. परदेशी माल पाठवणाऱ्या कचेरीत सहा आठवडे राबायचं आणि मॅनेजरच्या सहीचं प्रमाणपत्र आणायचं. प्रमाणपत्र नाही तर परीक्षेचा फॉर्म नाही, हे नोटीस बोर्डावर लाल शाईत लिहिलं होतं.

ज्यांचे काका-मामा मुंबईला होते ती पोरं मुंबईला गेली. दयारामचं मुंबईत कुत्रं ओळखीचं नव्हतं. त्याच्या वाट्याला मलकापूर आलं.

मलकापूरला समुद्र नाही, पण स्टेशन आहे. तिथल्या एका व्यापाऱ्याची कचेरी भुईमुगाची ढेप, म्हणजे पेंड, रेल्वेने मुंबई बंदराला पाठवायची आणि तिथून ती बोटीने जर्मनीला जायची. तिकडच्या गाई आपल्या ढेपेवर दूध देतात हे दयारामने घरी सांगितलं तेव्हा त्याची माय बनाबाई पदर तोंडाला लावून हसली होती. “आपल्या गाईले भेटत नाही अन् गोऱ्यायच्या गाईले जहाजात बसून खाणं जाते काय?” सहा आठवडे ती शेजारणींना हेच सांगत होती, आणि शेवटी न चुकता पुस्ती जोडायची, “माया दया पाठोते ते.”

खरी अडचण वेगळी होती. मलकापूरच्या मालधक्क्यावर ती ढेप वॅगनीत भरायला हमालांच्या दोन टोळ्या होत्या. त्यातली एक धामणगाव बढ्याच्या आठ जणांची, आणि तिचा मुकादम पुंजाजी. पुंजाजी म्हणजे दयारामचा बाप.

आता एकाच धक्क्यावर पोरगा पँट घालून पोती मोजतोय आणि बाप डोक्याला फडकं बांधून तीच पोती पाठीवर वाहतोय, हे चित्र कोणालाही अवघडच जाईल. पहिल्या दिवशी दयाराम घामाघूम झाला तो उन्हाने नव्हे. बापाला काय हाक मारायची, मारायची की नाही, हेच त्याला उमगेना. तो पेच पुंजाजीनेच सोडवला. पोतं टाकून पाठ सरळ करत, परक्या कारकुनाला विचारावं तसं त्याने विचारलं, “बाबू, किती झाले?” दयाराम म्हणाला, “चाळीस.” झालं. त्या दिवसापासून धक्क्यावर तो बाबू आणि पुंजाजी मुकादम. दयारामचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडला याचीच त्याला रात्री लाज वाटली. पण सकाळी तो पुन्हा ‘बाबू’ या हाकेची वाट पाहत होता, हेही खरं.

कचेरीचे मॅनेजर उत्तमराव मेहकरकडचे. वाईट माणूस नव्हे. चहा स्वतःच्या हाताने पुढे करायचे, पण तो करताना नजर रजिस्टरवर असायची. त्यांनी दयारामला बिलं, पावत्या, बोटीची तारीख, सगळं नीट शिकवलं. पाच आठवडे मजेत गेले, आणि मग नवरात्र आलं.

खंडे नवमीला दुसऱ्या टोळीतले हमाल पोती ओढायचे आपापले लोखंडी आकडे पूजेला मांडत. मग दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत त्यांना हात लागायचा नाही, खुद्द मालक येऊन उभा राहिला तरी नाही. एरवी त्या दोन दिवसांत धामणगावची टोळी काम ओढायची, कारण त्या आठही घरांनी दीक्षा घेतल्यापासून आकड्यांची पूजा सोडली होती. पण हे वर्ष निराळं होतं. धम्मदीक्षेला दहा वर्षं होत होती, आणि अख्खी टोळी बायकांसकट नागपूरला निघाली होती. नवमीच्या दिवशी दुपारी साडेचारच्या पॅसेंजरने निघायचं आणि दसऱ्याच्या पहाटे दीक्षाभूमीवर पोचायचं, असं उन्हाळ्यापासून ठरलं होतं.

नेमकं त्याच आठवड्यात मुंबईहून पत्र आलं, की बोट लवकर सुटणार, माल ताबडतोब पाठवा. उत्तमरावांनी स्टेशनात खेटे घालून दोन वॅगनी मिळवल्या. त्या लागणार होत्या नवमीला. माल भरला नाही तर वॅगनी अडकवल्याचा दंड, डॅमरेज, बसणार आणि बोटही जाणार. त्यांनी पुंजाजीला निरोप धाडला. पुंजाजीने हात जोडून ‘नाही जमत’ म्हणून कळवलं.

अष्टमीला दुपारी उत्तमरावांनी दयारामला बोलावलं. स्टेशनचा मेमो त्याच्यापुढे सरकवला. त्यावर मालबाबूच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं, दोन वॅगनी, नवमी, दुपारी तीन.

“तुझा शब्द तुझे वडील मोडणार नाहीत,” उत्तमराव म्हणाले. “पुढच्या आठवड्यात तुझं प्रमाणपत्र मीच लिहायचंय. आतापर्यंत कागद रंगवलेस. माणसांकडून काम करून घेतोस का, तेही बघू दे.”

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण पुढे दयारामने स्वतःशी तिचे बरेच घोळ घातले. उत्तमरावांनी त्याला खोटं बोल असं सांगितलं नव्हतं. ते त्याचं त्याने केलं.

संध्याकाळच्या बसने तो धामणगावला उतरला. ओसरीच्या दोरीवर बनाबाईचं पांढरं लुगडं वाळत होतं. ते तिने तीन वर्षांपूर्वी घेऊन पेटीत ठेवलेलं होतं. दहा वर्षांपूर्वी सारी आळी बैलगाड्या जुंपून स्टेशनाकडे निघाली, तेव्हा दयारामची धाकटी बहीण सिंधू पोटात होती आणि बनाबाईचे दिवस भरले होते. तिला उंबऱ्याशी बसून गाड्या जाताना पाहाव्या लागल्या. पुंजाजीही तिच्यापायी राहिला. नंतर दोघांनी गावातच दीक्षा घेतली, पण बनाबाईच्या मनातलं ते काही गेलं नाही. कोणी नागपूरचं सांगायला लागलं की ती उठून चुलीकडे जायची. आता दहा वर्षांची सिंधू अंगणात मैत्रिणींना सांगत होती, “उद्या आमी जाऊन राह्यलो!”

दयाराम जेवायला बसला. दुसरा घास घेताना त्याने विषय काढला. जहाज सुटतं आहे, माल गेला नाही तर मॅनेजर प्रमाणपत्र अडवील, एवढं तो घडाघडा बोलून गेला. मग म्हणाला, “वॅगनी सकाळी आठाले लागतात. बारा-एकपर्यंत तुमी मोकळे. साडेचारची गाडी कुठी जाते?”

पुंजाजीने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. “तू सोता मेमो पाह्यला?”

“पाह्यला.”

“आठ लिहून हाय?”

“हाव, आठ.”

दोनदा विचारलं होतं. दोनदा तोंड उघडायची संधी होती. नजरचूक झाली, घाईत वाचलं, असली सबब पुढे कधी सांगायची सोयच त्याने स्वतःला ठेवली नाही. बनाबाई म्हणाली, “मंग आमी भाकरी बांधून संगच येतो. तिथूनच बसू गाडीत.” आणि तिने त्याच्या ताटात आणखी थोडं पिठलं वाढलं.

तीन वाजता वॅगनी लागल्या की दोन पोती भरून हमाल गाडीला पळतील, अशी भीती दयारामला नव्हती. टोळीची रीत त्याला लहानपणापासून माहीत होती. वॅगन लागली आणि पहिल्या पोत्याला हात घातला, की दाराला सील लागेपर्यंत ती सोडायची नाही. पाऊस येवो, कोणाच्या घरी मयत होवो. याच रीतीवर धामणगावच्या टोळीचं नाव होतं. हे चांगलं नाव दयारामने हिशेबात धरलं होतं. कॉलेजात शिकवतात ते हे नसावं, पण शिकलेल्या डोक्यालाच ते सुचलं.

नवमीला साडेसातलाच टोळी धक्क्यावर हजर झाली. बायका फलाटाच्या टोकाला लिंबाखाली गाठोडी घेऊन बसल्या. सगळ्यांच्या अंगावर पांढरं. रूळ मोकळे पडले होते.

आठ वाजले, नऊ वाजले. दयाराम कचेरी आणि धक्का यांच्यात उगाच येरझारा घालत होता. एकदा त्याने लांबून पाहिलं, बाप केबिनपाशी, रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंटमन कडूबाशी बोलत होता. कडूबाने हाताने वर सूर्याकडे दाखवलं, मग तोच हात डोक्यावरून मावळतीकडे थोडा कलवला. आता बाप येईल, चारचौघांत विचारील, असं वाटून दयारामने हातातल्या रजिस्टरात डोकं घातलं. पुंजाजी आला तो थेट टोळीत बसला आणि त्याने विडी पेटवली. दयारामने सुटकेचा श्वास टाकला. कडूबालाही वेळ माहीत नसेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

बारा वाजता इंद्रभान उठला. टोळीतला पुंजाजीच्या खालोखालचा माणूस, तोंडाचा फटकळ. “काऊन बे बाबू, कुठी हायेत तुया वॅगनी?”

“येऊनच राह्यल्या, मामा. भुसावळहून सुटल्या.”

खोटं एकदा बोललं की पुढचं आपोआप सुचतं, याचा दयारामला तेव्हा अनुभव आला.

तीनला पाच मिनिटं असताना शंटिंगचं इंजिन दोन वॅगनी ढकलत आलं. इंद्रभानने त्यांच्याकडे पाहिलं, स्टेशनच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि खांद्यावरचं फडकं झटकलं. “हात नाही लावायचा कोणी. दीड घंट्यात गाडी हाय. जहाज गेलं खड्ड्यात. चला!” सहा जण उठले. दयारामही उठून उभा राहिला. खरं सांगायचं तर त्याच्या मनात तेव्हा नागपूर नव्हतं, माय नव्हती, फक्त एक कोरा कागद आणि उत्तमरावांचं पेन होतं.

पुंजाजी सगळ्यांत शेवटी उठला. पोराकडे एकदाच पाहिलं. रागाने नव्हे, रागावला असता तर बरं झालं असतं. मग तो थप्पीकडे गेला, वाकला, आणि पहिलं पोतं पाठीवर घेतलं.

“पुंजाजी!” इंद्रभान ओरडला.

पण हात लागला होता. मुकादमाचाच लागला होता. एकेक करून सगळे वाकले. शेवटी इंद्रभानही वाकला आणि जाता जाता थुंकला.

साडेचारची पॅसेंजर वेळेवर आली. अशी गाडी वेळेवर यायची नाही कधी, नेमकी त्या दिवशी आली. डब्यांच्या दारांत, खिडक्यांत, टपावर माणसं. ‘जयभीम’चा गजर झाला. लिंबाखालच्या बायका गाठोडी उचलून उभ्या राहिल्या. एका डब्यातल्या बाया हात पुढे करून त्यांना बोलावत होत्या, “या ना माय, या, जागा करतो!” इंद्रभानची बायको भिमाबाई दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. सगळ्या जणी धक्क्याकडे पाहत होत्या. तिकडून आठ माणसं पोती घेऊन फळीवर चढत होती आणि रिकामी उतरत होती. बनाबाईने सिंधूचा हात धरला होता. सिंधू रडत होती.

दयारामच्या मनात आलं, आपणही सदरा काढावा आणि पोती उचलू लागावं. एक माणूस वाढला तर काही मिनिटं तरी वाचतील. पण मोजायचं कोणी, असं त्याने स्वतःला विचारलं, आणि तो मोजत राहिला. एकशे बारा, एकशे तेरा. शिट्टी झाली. गाडी हलली तेव्हा एकाही हमालाने मान वळवली नाही. दयाराम मात्र पुढचा आकडा चुकला आणि त्याला पुन्हा मागून मोजावं लागलं.

दिवेलागणीला सील लागलं. तो कागद घेऊन दयाराम कचेरीत पळाला. उत्तमरावांनी पाठ थोपटली. तो परत आला तेव्हा सगळे लिंबाखाली एकत्र बसले होते. पुढच्या दोन्ही गाड्या माणसांनी अशा लादलेल्या आल्या की दारं उघडलीच नाहीत. सकाळची गाडी नागपूरला पोचायची ती दसरा मावळल्यावर. गाठोड्यातल्या भाकरी तिथेच खाल्ल्या. बनाबाईच्या पांढऱ्या लुगड्यावर ढेपेची धूळ बसली होती. ती झटकत तिने पोराला विचारलं, “ते जहाज तं भेटलं ना रे?”

“भेटलं, माय.”

ती घाईही खोटीच निघाली. महिनाभराने दयाराम कचेरीत डोकावला तेव्हा मुंबईहून पत्र आलं होतं, की बोट उशिरा लागली, माल एकोणीस दिवस गोदीत पडून होता. उत्तमरावांनी ते वाचून फाइलला लावलं. “असंच असतं,” म्हणाले, आणि चहा पुढे केला.

प्रमाणपत्र मात्र झकास मिळालं. इंग्रजीत टाइप केलेलं, गोल शिक्क्याचं. सगळ्या रकान्यांत उत्तम, आणि खाली खास शेरा, की उमेदवाराला मजुरांकडून काम करून घेण्याची विशेष हातोटी आहे. पुंजाजीने तो कागद दोन्ही हातांनी धरून पाहिला. “काय लिहून हाय, वाच बरं.”

“मन लावून काम केलं, असं लिहून हाय, बा.”

“बरं झालं,” पुंजाजी म्हणाला. कागद घडी न पाडता परत दिला.

पुढच्या श्रावणात बनाबाई तापाने गेली. दसरा तिला दिसलाच नाही. पुंजाजी त्यानंतर नागपूरला कधी गेला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, एकट्यानं कशाले. इंद्रभानने टोळी सोडली आणि पुंजाजीशी बोलणं टाकलं. गावात एवढंच बोललं जायचं, की मुकादमानं टोळीचं नागपूर बुडवलं. दयारामच्या कानावर ते आलं. एक वाक्य त्याने बोलायचं होतं, ‘वेळ मी खोटी सांगितली.’ तेवढं त्याच्या तोंडून निघालं नाही. बाप बोलत नाही म्हणजे बापाला माहीतच नाही, असं त्याने धरून ठेवलं. ते सोयीचं होतं.

त्या शेऱ्यावर त्याला मुंबईत एका शिपिंग कंपनीत नोकरी लागली. मुलाखत घेणाऱ्या साहेबाने नेमकी तीच ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणाला, “आम्हाला अशीच माणसं हवीत.” दयाराम ‘थँक यू सर’ म्हणाला. पुढे त्याने हॅम्बुर्गच्या बोटी पाहिल्या, गोदीतले शेकडो हमाल हाताखाली घेतले, बढती मिळवली. धामणगावला मात्र तो जाईना. सिंधूच्या लग्नाला गेला तो अक्षता पडताच परतला. आळीतून जाताना खाली बघून चालायचा. कोणी ‘काय बाबू, कवा आला’ म्हटलं तरी त्याला त्यात टोमणा ऐकू यायचा. दसरा आला की तो कचेरीत ज्यादा काम मागून घ्यायचा.

अशी अकरा वर्षं गेली आणि पुंजाजी गेला.

पुण्यानुमोदनाला विहारापुढे आळी जमली होती. चौघे चार चांगले शब्द बोलले. मग कोणीतरी इंद्रभानला म्हटलं, तुमी बोला. इंद्रभान आता काठी टेकून चालायचा. तो बसल्या जागेवरून एवढंच म्हणाला, “मुकादम होता. वॅगन कवा अर्धी सोडली नाही.”

दयाराम उठला. ठरवून उठला नव्हता. बोलायला लागला तर मुंबईची भाषा कुठल्या कुठे गेली. “त्या साली वेळ मी सांगतली होती,” तो म्हणाला. “मेमोवर तीन लिहून होतं. मी आठ सांगतलं. बाचा काही कसूर नव्हता. त्याले माहीतच नव्हतं.”

कोणी चकित झालं नाही. भिमाबाई कपांत चहा ओतत होती, ती ओतत राहिली.

“बस खाली, बाबू,” इंद्रभान म्हणाला. “आमाले माहीत हाय.”

दयारामला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“त्याच दिवशी सांगतलं त्यानं. तू सीलाचा कागद घेऊन हापिसात पळाला होता तवा. म्हणे, कडूबानं मले सकाळीच सांगतलं होतं तीन वाजता म्हणून. पोरगं खोटं बोललं, अन् म्या माहीत असून हात लावला, तं शिव्या मले द्या. मंग म्या त्याले देल्या. जलमभर देल्या.”

“मायले माहीत होतं?”

“तिच्यासमोरच बोलला ना तो.” इंद्रभानने काठी मांडीवर आडवी घेतली. “हात जोडले त्यानं आमाले. म्हणे, पोराचं नाव गावात कोणी काढू नका. शिकलेलं पोरगं हाय, त्याले घरी येयाची लाज नाही वाटली पाह्यजे.”

भिमाबाईने चहाचा कप दयारामच्या हातात दिला. तो त्याने न पिताच खाली ठेवला.

“अकरा वर्सं कोणी नाव काढलं नाही, बाबू,” इंद्रभान म्हणाला. “तूच आला नाही.”